पुढचं चाक तिरकं: बोल्ट, कानस की नवा शॉकअप?

टायर आतल्या कडेने खाल्लाय, गाडी एका बाजूला ओढतेय, आणि अलाइनमेंटच्या कागदावर कॅम्बरचा, म्हणजे समोरून बघता चाक उभ्यातून किती कललंय त्याचा, आकडा लाल. वर टायरवाला म्हणतो, ‘या गाडीत कॅम्बर अ‍ॅडजस्टच होत नाही.’ तो खोटं बोलत नाही. स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन यांसारख्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, असतो. शॉकअपचा खालचा कंस दोन बोल्टांनी नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) धरलेला असतो, आणि कंपनीने टो (वरून बघता चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) जुळवायची सोय दिलेली असते, कॅम्बरची बहुधा नसते. घरी जे काही करता येतं ते या दोन बोल्टांपाशी.

पण पाना हातात घेण्याआधी आकडा का बिघडला ते शोधा. दोन्ही चाकं सारखीच थोडी तिरकी असतील, म्हणजे स्प्रिंगा बसल्यात किंवा गाडी खाली केलीय, तर समायोजनाला अर्थ आहे. एकच चाक खड्ड्यानंतर बिघडलं असेल तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय. कागदावर एसएआयचा (स्टिअरिंगचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या कलाचा) कोन असेल तर त्यात कॅम्बर चिन्हासकट मिळवा आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून बघा. बेरजेत ठळक फरक असेल तर संशय शॉकअप किंवा नकल वाकल्याचा. बेरीज सारखी, पण कॅम्बर वेगळा, तर लोअर आर्म, सबफ्रेम किंवा वरचं माउंटिंग तपासा. बुश आणि बॉल जॉइंट ढिले असतील तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, आधी ते बदला.

मोजायला मशीनच हवं असं नाही, ओळंबा पुरतो. सपाट फरशी, टायरमधली हवा सारखी, स्टिअरिंग एकदम सरळ. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. या दोन जागांमध्ये ३६० मिमी अंतर असेल तर एका अंशाला साधारण ६ मिमी फरक पडतो. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार वेळा मागे-पुढे ढकला आणि मगच मोजा. नाहीतर चाकं खालून आत ओढलेलीच राहतात आणि आकडा फसवतो.

फुकटातला उपाय असा: दोन्ही नट ढिले करायचे, चाकाचा वरचा भाग हव्या त्या बाजूला रेटून धरायचा आणि तसंच आवळायचं. भोकांत जेवढी मोकळीक असेल तेवढाच फरक पडतो. गरज थोडीच असेल तर एवढ्यावर काम भागतं.

त्याहून जास्त हवं असेल तर एक्सेंट्रिक बोल्ट. याचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक आणि त्यावर एका बाजूला फुगवटा असतो. बहुतेक किटमध्ये तो वरच्या भोकात बसतो, खालचा मूळ बोल्ट बिजागरीसारखा राहतो. डोकं फिरवलं की नकल आत-बाहेर सरकतं, आणि पुन्हा कमी-जास्तही करता येतं. स्प्रिंग उघडावी लागत नाही, हा घरी काम करणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा. गाडी मात्र घोडीवर (जॅक स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाणार नाही हे बघा. बोल्ट बारीक असल्यामुळे टॉर्क त्याच्या पाकिटावरचाच घ्यायचा, मूळ बोल्टचा नाही.

कानशीने शॉकअपचं भोक लांबट करणं स्वस्त. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्यांना कंपनीनेच ही पद्धत सांगितली होती, त्यामुळे तिला अगदी अडाणी म्हणता येत नाही. पण मग चाक जागेवर राहतं ते फक्त बोल्टच्या दाबावर, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर तो दाब सुटायला एक खड्डा पुरे. मी हे करणार नाही.

वरच्या बाजूच्या कॅम्बर प्लेटा ट्रॅकवर पळवणाऱ्यांसाठी. त्या बसवताना स्प्रिंग दाबावी लागते, म्हणजे घरचं काम नाही, आणि रोजच्या गाडीत खडखड पदरात पडते.

राहिला दुकानातला झटपट उपाय, शॉकअप दाबून ‘कॅम्बर काढणं’. कागद हिरवा होतो खरा, पण वाकलेलं उलटं वाकवून सरळ केलेलं असतं. त्यात शॉकअपच्या रॉडवर जोर आला की सील गळू लागतं. एक चाक खड्ड्याने बिघडलं असेल तर त्यापेक्षा जो भाग वाकलाय तो नवा घाला, आणि उरलासुरला अर्धा अंश बोल्टने जुळवा.

कॅम्बर हलला की टो हलतोच, आणि चुकलेला टो कॅम्बरपेक्षा लवकर टायर खातो. तेव्हा घरी बोल्ट बसवला तरी त्याच दिवशी मशीनवर टो जुळवून घ्या. तिथे आधीच सांगा की वरचा बोल्ट बारीक आहे. नाहीतर पोरगा सवयीने हवेची गन लावेल आणि आटे जातील.