हळद-सुंठ-मिरचीचं जेल, आईच्या गुडघ्याला पाच महिने लावल्यावर

गुडघेदुखीवरच्या या जेलमध्ये काय काय असतं ते सगळ्यांना माहितीये, हळद, सुंठ, मिरचीचा अर्क, गंधपुरा तेल, ते परत लिहीत नाही. आज लिहायला बसले कारण काल रात्री आई डोळा धरून ओरडतच उठली. झोपताना जेल लावलं, हात नुसते पाण्याने धुतले आणि झोपेत डोळा चोळला. मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे आग करणारं द्रव्य, पाण्याने निघत नाही हो, आधी हाताला खोबरेल चोळायचं आणि मग साबण, हे ट्यूबवर कुठेच लिहिलेलं नाही! कस्टमर केअरची बाई म्हणते, "मॅडम, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नसतो." मिरचीपण नॅचरलच आहे ना?

आता गुण येतो का, तर सांगते. आईचे दोन्ही गुडघे सुजतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघितली, काही उठलं नाही. मग तीन आठवडे फक्त उजव्या गुडघ्याला जेल आणि डाव्याला साधं तेल, दोन्हीकडे सारखाच हात फिरवायचा. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी शिवणकामाच्या टेपने माप. उजवा 42 वरून 41 सेंटीमीटरवर आला, डावा 41.5 ला तसाच. एवढ्याशा फरकावर मी सूज उतरली असं म्हणणार नाही, पण दुखणं नक्की कमी झालं, जिना उतरताना आई आता कठडा दोन हातांनी धरत नाही. दहाव्या दिवशी मी पैसे पाण्यात गेले म्हणून मोकळी झाले होते, ते मागे घेते. मिरची आधी आग करते आणि दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावली की हळूहळू तिथल्या नसा बोथट होतात, त्याला काही आठवडे जातात. मध्ये चार दिवस खंड पडला तर परत पहिल्यासारखी आग. आणि वरून गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, आम्ही एकदा ठेवली तर कातडी लालबुंद.

पण माझा खरा राग डागांवर आहे. पांढऱ्या चादरीवर पिवळा ठिपका पडला, मी कपड्याचा साबण घासला तर तो रक्तासारखा लाल झाला, माझ्या पोटात गोळाच आला. हळद साबणाच्या खाराने लाल होते, आपलं कुंकू पूर्वी असंच करायचे, पण त्या क्षणी कुठलं सुचतंय! दोन दिवस कडक उन्हात वाळत घातल्यावर डाग फिका झाला. उशीचा अभ्रा आणि आईचे दोन गाऊन मात्र गेले ते गेलेच. 240 रुपयांची ट्यूब बारा दिवस पुरते, त्यात हे कपडे धरले तर महिन्याचा खर्च किती होतो बघा.

आणि एक, बाबांना हे लावू दिलं नाही. ते रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेतात आणि गंधपुरा तेलात ॲस्पिरिनच्या जातीचं औषध असतं, ते कातडीतून आत जातं, रक्तस्राव होऊ शकतो असं डॉक्टरांनी बजावलं. घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर आधी विचारा, प्लीज.

आईचा डोळा आज ठीक आहे, रात्री बराच वेळ नळाखाली धरला होता. पुढची ट्यूब मागवलीये, आणि पलंगावर आता मरून चादर.