मनगटावरचा पाण्याचा हिशेब

गेल्या वर्षी मुतखड्याच्या कळांनी मला मध्यरात्री रुग्णालय गाठायला लावले. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: दिवसभरात किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात गेले पाहिजे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही मुतखड्याच्या रुग्णांसाठी हाच आकडा आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या घरात असतो आणि प्यायलेल्या पाण्याचा मोठा वाटा घामावाटेच निघून जातो. त्यामुळे तेवढी लघवी होण्यासाठी पिणे त्याहून बरेच अधिक हवे. हा हिशेब तोंडी ठेवणे मला जमेना, म्हणून पाण्याची नोंद ठेवणारे स्मार्टवॉच घेतले. आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर त्याविषयी लिहीत आहे.

घड्याळ कोणत्या कंपनीचे, याला येथे फारसे महत्त्व नाही, कारण पाण्याच्या बाबतीत सर्वांची रीत जवळपास एकच आहे. सॅमसंगच्या घड्याळात पाण्याचा स्वतंत्र फलक असतो आणि दर पेल्याला बोटाने एक आकडा वाढवायचा असतो. गार्मिनमध्ये व्यायामात गेलेल्या घामाचा अंदाज त्या दिवसाच्या उद्दिष्टात आपोआप मिळवण्याची सोय आहे. ॲपलच्या आरोग्य ॲपमध्ये पाण्याची नोंद करता येते, पण घड्याळावरून ती करायची तर वॉटरमाइंडरसारखे वेगळे ॲप घ्यावे लागते. विकत घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: यांपैकी कोणतेही घड्याळ आपण किती पाणी प्यालो हे स्वतःहून ओळखत नाही. आपण सांगू तेवढेच त्याला कळते.

पहिले तीन आठवडे मी त्याला चुकीचे सांगत होते. ॲपमध्ये एक पेला म्हणजे 250 मिलिलिटर असे आधीच ठरवलेले होते. मी पीत होते ते घरातल्या स्टीलच्या फुलपात्राने, आणि ते स्वयंपाकघरातल्या मापाने मोजल्यावर 160 मिलिलिटरचे निघाले. दिवसाला बारा नोंदी होत, घड्याळ तीन लिटर पूर्ण झाल्याचे दाखवी आणि प्रत्यक्षात पोटात दोन लिटरही जात नसत. म्हणून घड्याळ हातात आले की पहिल्या दिवशीच आपले फुलपात्र, तांब्या आणि बाहेर नेण्याची बाटली मोजून ती मापे ॲपमध्ये भरावीत, असे मी आग्रहाने सांगेन. आता मी एक लिटरची बाटली दोन ठिकाणी खूण करून वापरते. त्यामुळे दिवसाच्या नोंदी कमी झाल्या आणि विसरण्याचे प्रमाणही घटले.

या सोयीचा खरा उपयोग मला एकूण बेरजेत दिसला नाही. तो नोंदींच्या वेळा पाहताना दिसला. एका आठवड्याच्या नोंदी एकाखाली एक वाचल्या, तेव्हा सकाळी साडेदहापासून दुपारी चारपर्यंत जवळजवळ रोज रिकामी जागा होती. मी शाळेत शिकवते. त्या वेळात घड्याळ दर तासाला मनगटावर थरथरत होते आणि मी ती आठवण बाजूला सारत होते, कारण शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नव्हते आणि पाणी प्यायले की तिथे जाणे आलेच. बाहेर काम करणाऱ्या बहुतेक बायकांना हे वेगळे सांगायला नको. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम महिलांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्यांची मागणी करत आली आहे. त्या मागणीचा माझ्या मूत्रपिंडाशी किती जवळचा संबंध आहे, हे मला त्या रिकाम्या जागेने दाखवले. आठवड्याची ती नोंद छापून मी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवली. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी बसली, पाण्याची जोडणी झाली आणि दुपारच्या नोंदी सुरू झाल्या.

उणिवाही आहेत. ताक, आमटी, टरबूज यांतून पोटात जाणारे पाणी माझ्या ॲपच्या हिशेबात येत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी दिवसाला दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर असे प्रमाण सुचवले, त्यात अन्नातले पाणीही धरलेले आहे. ॲपमधला तयार आकडा तेवढ्याच पेल्यांचा हुकूम मानून चालणे म्हणूनच बरोबर नाही. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तर ते उद्दिष्ट डॉक्टरांना विचारूनच बदलून घ्यावे. अशा रुग्णांना अधिक प्या असे सांगणारी आठवण अपायकारक ठरू शकते. शिवाय दिवस मध्यरात्री संपतो, या हिशेबापायी मी सुरुवातीला रात्री दहाला उरलेले पाऊण लिटर एकदम पिऊन टाकत असे आणि झोपेचे खोबरे होई. पाणी पुरेसे जाते आहे की नाही, याची सर्वांत सोपी खूण अजूनही लघवीचा फिकट पिवळा रंग हीच आहे आणि ती घड्याळाला दिसत नाही.

केवळ पाण्यासाठी एवढा खर्च करावा का? ज्यांना तहान नीट कळते आणि हवे तेव्हा पाणी पिता येते, त्यांना गरज नाही; घरात ठेवलेली खुणेची बाटली तेच काम करते. मुतखडा एकदा होऊन गेलेल्यांनी, उन्हात फिरतीचे काम करणाऱ्यांनी आणि कामाच्या नादात सहा-सहा तास कोरडे राहणाऱ्यांनी मात्र ते जरूर घ्यावे. घेताना नोंद एका बोटाच्या स्पर्शात होते का, पेल्याचे माप बदलता येते का आणि नोंदींच्या वेळा नंतर वाचता येतात का, एवढे दुकानातच करून पाहावे. माझ्या घड्याळात आता सकाळी सात ते रात्री साडेआठ एवढ्याच वेळेत आठवण येते, आणि दुपारी चारपर्यंत दीड बाटली संपलेली असते.