एमएक्स-५ चे इंजिन घरच्या गाडीत बसवण्यासाठी घेतलेला माउंटिंग संच

लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची गाडी मी स्वतः बांधत असून, तिच्यात पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे १.८ लिटर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारी दंतचक्रांची पेटी) बसवण्यासाठी एक तयार संच घेतला. त्यात दोन इंजिन ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा आडवा आधार, डिफरन्शियलच्या तोंडाचे, म्हणजे पुढच्या टोकाचे ब्रॅकेट आणि मापानुसार केलेला प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत शक्ती नेणारा दांडा) येतो.

मूळ गाडीत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला स्वतंत्र माउंट नसतेच; पॉवर प्लांट फ्रेम नावाची अॅल्युमिनियमची लांब तुळई गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना एकमेकांशी जखडून ठेवते आणि इंजिनाचा पीळ पेलते. सेव्हनमध्ये गिअरबॉक्स आणि प्रॉपशाफ्ट ज्या अरुंद बोगद्यात बसतात त्यासाठी ती काढावी लागली, की तिचे काम या संचावर येते. म्हणून याच दोन जागा मी आधी तपासल्या.

गिअरबॉक्सचा आधार उत्तम आहे. भोके अचूक जुळली, रबर योग्य कडकपणाचे आहे आणि गिअरबॉक्स खाली उतरवताना बोगद्यातील चासीच्या नळ्या कापाव्या लागत नाहीत. डिफरन्शियलच्या ब्रॅकेटने मात्र निराशा केली. गाडी जोराने निघते तेव्हा डिफरन्शियलमधील पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन व्हील या मोठ्या दंतचक्रावर चढू पाहते आणि डिफरन्शियलचे तोंड वर उचलले जाते. हा जोर केवळ ३ मिलिमीटरच्या, कोपऱ्यांत आधारपट्टी नसलेल्या पत्र्यावर सोडलेला आहे. क्लच सोडताना दर वेळी मागून धप्प असा आवाज येई. शेवटी ब्रॅकेट उतरवले, तर वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. विक्रेत्याने तक्रार ऐकून नवे ब्रॅकेट तत्परतेने पाठवले, परंतु तेही त्याच जाडीचे होते. दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरच्या त्रिकोणी पट्ट्या वेल्ड करून घेतल्यावर आवाज पूर्ण थांबला.

इंजिन ब्रॅकेटमधील लांबट भोके मला फार आवडली, कारण त्यांमुळे प्रॉपशाफ्टचा कोन मनासारखा लावता येतो. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि पिनियन यांचे अक्ष समांतर असले, तरच प्रॉपशाफ्टच्या टोकांना असलेल्या दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटमधील (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांमधील) गतीचे चढउतार एकमेकांना रद्द करतात. आणि कोन अगदी शून्यही ठेवू नये, कारण मग या जॉइंटच्या बेअरिंगमधील सुईसारखे बारीक रोलर फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. कोनमापकाने मी दोन्हीकडे २ अंश ठेवले. डिफरन्शियल चासीलाच बसवलेले असल्याने सस्पेन्शन हलले तरी हा कोन बदलत नाही.

सूचनापत्रकात कोनाचा उल्लेखच नाही, शिवाय शाफ्टची लांबी इंजिन कसण्याआधीच मोजून कळवण्यास सांगितले आहे. ते चूक आहे. कोन जुळवताना इंजिन पुढे सरकले आणि शाफ्ट १२ मिलिमीटर आखूड पडला. संच घेणाऱ्याने सर्व बोल्ट अखेरचे कसल्यानंतरच माप पाठवावे.