रस्ट-बिटकॉइन ०.३२: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका सीएंसाठी मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटं साधन लिहिलंय. त्यांच्या अशिलांचे बिटकॉइनचे व्यवहार ते ताडून देतं. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर १ टक्का टीडीएस लागला, तेव्हापासून हे काम वाढतंच आहे. कोड खुला आहे, सांभाळणारा मी एकटा. ‘रस्ट-बिटकॉइन’ या बिटकॉइनसाठीच्या रस्ट लायब्ररीच्या ०.२९ आवृत्तीवर ते अडकून पडलं होतं. नऊ महिन्यांपूर्वी ०.३२ वर आणायला घेतलं आणि पहिल्याच कम्पाइलला शंभरावर एरर आले.

निम्मे एरर पत्त्यांचे होते. ०.३० पासून मजकुरातून वाचलेला पत्ता ‘नेटवर्क अनचेक्ड’ या वेगळ्या टाइपचा असतो. ‘रिक्वायर नेटवर्क’ लावून तो मेननेटचा (खऱ्या नाण्यांचं नेटवर्क) की टेस्टनेटचा (चाचणीचं नेटवर्क) हे तपासलं, तरच पुढे सरकता येतं. सुरुवातीला मला हा नसता व्याप वाटला. पण आमच्या घरी मोडीतली एक जुनी कीर्द आहे. बडोदे संस्थानात तेव्हा बाबाशाही रुपया चालायचा आणि इंग्रजांचाही. दोन्ही रुपयेच, पण भाव निराळा, म्हणून रकमेपुढे कुठला रुपया ते लिहून ठेवलंय. पत्त्याचा हा टाइप नेमकं तेच करतो. दुसऱ्याच आठवड्यात एका अशिलाच्या यादीतला ‘टीबी१’ने सुरू होणारा टेस्टनेटचा पत्ता त्याने अडवला. मेननेटवर त्या जागी ‘बीसी१’ असतं. माझा जुना कोड असा पत्ता मुकाट घ्यायचा आणि शिल्लक शून्य दाखवायचा.

दुसरा बदल नुसत्या नावाचा: व्यवहाराचा आयडी देणाऱ्या ‘टीएक्सआयडी’चं ‘कम्प्यूट टीएक्सआयडी’ झालं. मला यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जुनं नाव वाचून वाटायचं की आयडी व्यवहारात साठवलेला आहे, नुसता उचलायचा. प्रत्यक्षात तो दर वेळी व्यवहारावर (सह्यांचा ‘विटनेस’ भाग सोडून) दोनदा एसएचए-२५६ हे हॅशचं गणित चालवून काढला जातो. माझ्या एका लूपमध्ये दर इनपुटला (व्यवहारात खर्च होणाऱ्या प्रत्येक जुन्या रकमेला) ही हाक होती. दोनशे इनपुट असले की एकच आयडी दोनशे वेळा काढायचा. ती ओळ लूपच्या बाहेर नेली, एवढंच. तीन वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

रकमांसाठी मात्र ‘अमाउंट’ हा टाइप आधीपासून होता, मीच तो टाळून साधे यू-६४ (६४ बिटांचे पूर्णांक) वापरत होतो. रस्टच्या रिलीज बिल्डमध्ये साधी बेरीज हद्द ओलांडली की न बोलता शून्याकडून पुन्हा सुरू होते. ‘अमाउंट’ची बेरीज तिथेच पॅनिक होते, म्हणजे प्रोग्राम थांबतो, आणि ‘चेक्ड अॅड’ वापरलं तर ‘नन’ (उत्तर नाही) हाती येतो. ऑगस्ट २०१० मध्ये खुद्द बिटकॉइनच्या ब्लॉक ७४,६३८ मध्ये अशाच ओव्हरफ्लोमुळे १८४ अब्जांहून जास्त नाणी तयार झाली होती, आणि एकूण मर्यादा २.१ कोटींची! हे वाचल्यावर मी एका रविवारी बसून सगळे यू-६४ काढून टाकले.

आता त्रासाचं. ०.x असल्यामुळे दर नव्या आवृत्तीत जुना कोड मोडू शकतो, आणि अवलंबून असलेली सगळी क्रेट्स (रस्टची पॅकेजेस) एकाच वेळी वर येत नाहीत. मग डिपेंडन्सीत एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शिरतात आणि कम्पायलर सांगतो, ‘टीएक्सआयडी’ हवा होता, ‘टीएक्सआयडी’ मिळाला. पहिल्यांदा यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली. ‘कार्गो ट्री -डी’ चालवा, दोन्ही आवृत्त्या कुठून येतात ते लगेच दिसतं. माझ्या मते अपग्रेड करताना एकेक आवृत्ती चढावी. मी तीन एकदम चढलो, त्यामुळे कुठला एरर कुठल्या बदलाचा हेच कळेना. शेवटी सगळं मागे घेऊन ०.३० पासून पुन्हा सुरुवात केली, दर टप्प्याला वेगळा कमिट ठेवला, तेव्हा काम मार्गी लागलं.

आणि एक, रीडमीत स्पष्ट लिहिलंय की ब्लॉक वैध आहे की नाही हे ठरवायला ही लायब्ररी वापरू नका. मी ते काम नोडवरच (बिटकॉइनचे नियम तपासणाऱ्या प्रोग्रामवरच) सोडलंय. पीएसबीटीचा (सह्या पूर्ण न झालेल्या व्यवहारांचा) भाग अजून जुन्या शाखेत आहे, या तिमाहीचे हिशेब उरकले की तो घेतो.