नव्वदीच्या हिप-हॉप मिक्सटेप: मूळ कॅसेट, डिजिटल प्रत की अधिकृत सीडी?

नव्वदीच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या किंवा ह्यूस्टनच्या मिक्सटेप जमवायला निघालेल्या माणसापुढे आज तीन वाटा आहेत. मूळ कॅसेट विकत घ्यायची, कुणीतरी संगणकावर उतरवलेली प्रत मिळवायची, किंवा पुढे अधिकृतपणे निघालेली सीडी घ्यायची. पैसा आणि कपाटातली जागा दोन्ही बेताची असतील तर सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर आधीच सांगतो. अधिकृत सीडी निघाली असेल तिथे सीडी, बाकी सगळीकडे ऐकण्यासाठी डिजिटल प्रत. मूळ कॅसेट मात्र एखाद्याच डीजेच्या किंवा एखाद्याच शहराच्या घ्या, आणि त्याही स्वतः उतरवून ठेवायची तयारी असेल तरच.

या टेपांमध्ये काय असतं त्यावर निवड ठरते, म्हणून आधी ते पाहू. आपल्याकडे त्याच काळात गल्लीतल्या दुकानात गाण्यांची यादी देऊन कोरी कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. न्यूयॉर्कची मिक्सटेप वरवर तशीच दिसते, पण तिच्यात डीजेचा हात फिरलेला असतो. रॉन जी एका गाण्याच्या तालावर दुसऱ्याच गाण्यातल्या गायिकेचा आवाज बसवायचा. ती जोडणी कुठल्याच रेकॉर्डवर सापडत नाही. डू वॉपच्या १९९५ च्या ‘९५ लाइव्ह’ची सुरुवातच एकापाठोपाठ एक आलेल्या रॅपरनी होते, आणि त्यांच्या ओळी त्या टेपसाठीच म्हटलेल्या आहेत. टोनी टचने पन्नास रॅपरना एका टेपवर आणलं. डीजे क्लूची ख्याती बाजारात न आलेली गाणी सगळ्यांच्या आधी मिळवण्याची होती. अशी काही गाणी पुढे बदललेल्या रूपात निघाली, काही कधी निघालीच नाहीत.

तेव्हा कुठलीही टेप समोर आली की पहिला प्रश्न हा विचारा: हिच्यावर जे आहे ते आणखी कुठे मिळतं का? मिळत असेल तर त्या कॅसेटमागे धावू नका, विक्रेता तिला कितीही दुर्मीळ म्हणो.

कॅसेट आणि डिजिटल प्रत

कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. एवढ्याशा जागेत दोन्ही बाजूंचा स्टिरिओ आवाज मावतो, म्हणून मागची सळसळ पहिल्यापासूनच असते. एका कॅसेटवरून दुसरी भरली की पहिलीच्या सळसळीत दुसरीची भर पडते. पहिल्याच प्रतीत सळसळ साधारण ३ डेसिबलने वाढते, पुढच्या प्रत्येक पिढीत आणखी थोडी, आणि हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांची, किणकिण बोथट होत जाते. दोन कॅसेट बसणाऱ्या डेकवर दुप्पट वेगाने भरलेली प्रत असेल तर विचारूच नका. मिक्सटेपा तर पहिल्यापासून प्रतीवरून प्रत काढून पसरल्या. हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर विकली गेलेली टेप आणि तीच टेप उसनी घेऊन घरी भरलेली प्रत, दोन्हींवर आज ‘ओरिजिनल’ असंच लिहिलेलं दिसेल.

म्हणून कॅसेट घेताना ती कितव्या पिढीची आहे ते विचारा आणि कानानेही तपासा. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत सळसळीचे दोन थर ऐकू येतात का? दोनदा रेकॉर्ड बटण दाबल्याचा खटका येतो का? कागदी कव्हरच्या कडांवर फोटोकॉपीची काळी सावली आहे का? यातलं काहीही आढळलं तर मूळ कॅसेटचा भाव देऊ नका. तिसऱ्या पिढीच्या ‘मूळ’ कॅसेटपेक्षा पहिल्या पिढीवरून नीट उतरवलेली फाइल कितीतरी पटींनी चांगली असते. हा हिशेब बरेच नवे संग्राहक करत नाहीत आणि कव्हर पाहून पैसे मोजतात.

कॅसेटचा सांभाळही मनात धरा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यातल्या दमट हवेने फितीवर बुरशी धरते. एक बुरशीची कॅसेट डेकमध्ये घातली की हेडवरून ती पुढच्या सगळ्यांना लागते. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा डिंक सुटून पडतो, तो बदलता यायला हवा. अमेरिकेतून डेक मागवलात तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि आतले रबरी पट्टे बहुधा बदलावे लागतात. हे सगळं करायला आवडत असेल तर कॅसेटसारखा आनंद नाही. आवडत नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत संग्रह खराब होईल.

डिजिटल प्रतीचे दोष वेगळे आणि जास्त छुपे. जुन्या फाइली बऱ्याचदा १२८ केबीपीएसच्या एमपी३ असतात. त्यात साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं असतं. कुणीतरी तीच फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न छाटता साठवणाऱ्या प्रकारात, बदलून ‘लॉसलेस’ म्हणून पुढे पाठवतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचा आलेख, उघडून पाहा. १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेष दिसली तर फ्लॅकचं नाव फसवं आहे. दुसरा दोष म्हणजे टेपचे तुकडे करून गाण्यागणिक फाइली बनवणं. ज्या जोडणीसाठी टेप ऐकायची, नेमकी तीच तिथे तुटते. एका बाजूची एक फाइल असलेली प्रतच घ्या. बाजू पूर्ण आहे की शेवटची दोन मिनिटं गायब, तेही पाहा.

रेडिओवरच्या टेपांबाबत मात्र मी डिजिटल प्रतीच्याच बाजूने आहे, आणि त्याही एकापेक्षा जास्त. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबितो यांचा कार्यक्रम गुरुवारी रात्री एक ते पहाटे पाच चालायचा. रेकॉर्ड कंपनीशी करारही न झालेले रॅपर तिथे येऊन रॅप म्हणायचे. बिग एल आणि जे-झी यांची १९९५ ची जुगलबंदी तिथलीच. श्रोते ते घरी टेप करायचे. चार तासांना ९० मिनिटांच्या कॅसेटच्या सहा बाजू लागतात, म्हणजे रात्रीतून पाच वेळा उठून बाजू बदलायची. दर बदलात काही सेकंद जातात, झोप लागली तर अर्धा तास जातो. कुणाच्याही एकट्याच्या टेपवर सबंध रात्र मिळत नाही. दोन वेगळ्या घरांत भरलेल्या टेपा शेजारी ठेवल्या की मात्र भोकं भरून निघतात, कारण दोघांनी बाजू एकाच क्षणी बदललेली नसते. असं जोडकाम फाइलींवरच होतं. इथे एका महागड्या कॅसेटपेक्षा चार माणसांची ओळख जास्त कामाची.

डीजे स्क्रू: जिथे कॅसेट घेण्याला अर्थ आहे

ह्यूस्टनचा डीजे स्क्रू हा या सगळ्यात वेगळा. तो गाण्यांचा वेग उतरवायचा, ओळी कापून पुन्हा वाजवायचा आणि मित्रांना त्यावर तासन्‌तास रॅप करू द्यायचा. राखाडी कॅसेटवर भरलेल्या या टेपा तो आधी घरूनच विकायचा, १९९८ मध्ये त्याने त्यासाठी दुकान काढलं. १६ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी तो गेला.

त्याच्या टेपा सीडीवर अधिकृतपणे निघाल्या आहेत आणि पहिली खरेदी तीच करावी. पैसा त्याच्या दुकानाच्या परंपरेकडे जातो आणि आवाजही बरा असतो. मग कॅसेट कशाला? कारण वेग. साधी टेप चुकीच्या वेगाच्या डेकवर उतरवली तर ओळखीचा आवाज कानाला लगेच खटकतो. स्क्रूच्या टेपेत आवाज मुळातच संथ आणि जड. डेक दोन टक्के मागे असला तरी कळत नाही, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरते. वेबवर फिरणाऱ्या एकाच टेपच्या दोन फाइलींची लांबी मिनिटभराने वेगळी निघते ती यामुळेच. सुरुवातीच्या पिढीची कॅसेट, वेग तपासायची टेस्ट टेप आणि तिच्यावर जुळवलेला डेक, हे तिन्ही जवळ असतील तर तुम्ही खरंच काही नवं जोडू शकता. स्क्रूच्या रेकॉर्डचा संग्रह ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे ही नुसती हौस आहे असं कुणी म्हणू नये.

मेम्फिसच्या डीजे पॉल, जूसी जे, डीजे स्क्वीकी यांच्या टेपांनाही हाच न्याय लावेन. पण तिथल्या प्रती आणखी गढूळ. सुरुवात फाइलींवरून करा.

सॅम्पल: मूळ रेकॉर्ड की संकलन?

मिक्सटेपांच्या नादाला लागलेला माणूस लवकरच सॅम्पलकडे, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून उचलून नव्या गाण्यात वापरलेल्या तुकड्यांकडे, वळतो. किड कॅप्रीची १९८९ ची ‘५२ बीट्स’ ऐकली की ते होतंच, कारण ती सगळी टेप ज्यांच्यावर हिप-हॉप उभं राहिलं त्या तुकड्यांचीच आहे.

इथे एका बाजूला मूळ रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूला ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ ही पंचवीस भागांची संकलनमाला. लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस यांनी ती १९८६ ते १९९१ दरम्यान काढली. काही ठिकाणी त्यांनी ढोलाचा मोकळा तुकडा जोडून लांब केलाय, त्यामुळे अभ्यासासाठी मूळ गाणं वेगळं ऐकायलाच हवं. पण बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारा ताल, बनवायची असेल तर संकलन पुरतं. नव्वदीचा तो खरबरीत आवाज रेकॉर्डच्या दुर्मीळपणातून आलेला नाही. सॅम्पल घेऊन बीट बनवायचं एसपी-१२०० हे यंत्र १२ बिटचं, त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. जागा वाचवायला ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवून आत घ्यायची आणि यंत्रात पुन्हा संथ करायची, त्यातून तो पोत आला. दोन-तीन महाग रेकॉर्डांच्या पैशात असं काम करणारं सॉफ्टवेअर आणि भरपूर स्वस्त रेकॉर्ड येतील.

मूळ रेकॉर्ड घ्या ती सबंध ऐकण्यासाठी. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनचा तुकडा हजारो गाण्यांत वाजला, पण त्याला त्यातून काही मिळालं नाही. ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात ढोल वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड याची गतही फार वेगळी नाही. निदान त्यांची नावं तरी संग्राहकाला पाठ असावीत असं मला वाटतं.

प्रती इतरांना कशा द्यायच्या

कायदा आधी समजून घ्या. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरुद्ध निकाल दिला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं महाग झालं. जुन्या परवानग्यांचा गुंता असा की डे ला सोल या रॅप गटाचे पहिले अल्बम मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकले नाहीत. आपल्या घरापर्यंतही हे आलं आहे. लताबाईंच्या आवाजातलं ‘थोडा रेशम लगता है’ २००२ च्या एका अमेरिकन गाण्यात वापरलं गेलं, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय ते गाणं असलेला अल्बम विकू नये असा आदेश पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने दिला. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९९५ ची टेप २०५५ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. मिक्सटेपवर तर असे मालक डझनांनी असतात. जानेवारी २००७ मध्ये अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा पडला, तोही मिक्सटेपांमुळेच.

म्हणून सगळं उघड्यावर टाकणं आणि चार जाणकारांत देवाणघेवाण करणं यात मी दुसरी वाट निवडतो. जे बाजारात विकत मिळतं ते वाटूच नये. सॅम्पल कुठून घेतलं हे जाहीर करण्यावर निर्मात्यांचाही राग आहे. डीजे प्रीमियरने गँग स्टार या आपल्या गटाच्या १९९८ च्या अल्बमवर अशी माहिती फोडणाऱ्यांना चांगलंच सुनावलं होतं, कारण नाव फुटलं की दावा येतो. हयात निर्मात्याने न सांगितलेलं सॅम्पल तुम्हाला सापडलं तर आपल्या वहीत ठेवा. जे कुठेच मिळत नाही आणि एकाच कॅसेटवर उरलंय ते मात्र दडवून ठेवू नका. कॉर्नेल विद्यापीठाचा हिप-हॉप संग्रह २००७ पासून आहे, मोठा संग्रह असेल तर अशा ठिकाणाशी बोला.

फाइल देताना सोबत एक साधी नोंद द्या: डीजे, अंदाजे साल, बाजू, कॅसेट कितव्या पिढीची, कुठल्या डेकवर उतरवली, डॉल्बी (डेकमधली सळसळ कमी करणारी सोय) चालू होतं की बंद, वेग तपासला होता का. कव्हरच्या आतल्या बाजूचाही फोटो हवा, कारण गाण्यांची हाताने लिहिलेली यादी अनेकदा तिथेच असते. ९० मिनिटांची टेप २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवली तर साधारण ३ जीबी होते, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी. सळसळ काढून टाकलेली प्रत कुणाला हवी असेल तर ती वेगळी बनवून द्या, पण कच्च्या फाइलीला हात लावू नका.