जॅझ ब्लूजसाठी गिटार: आधी शेल की ड्रॉप टू?

गिटारवर बॅरे कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायच्या) हाताला बसल्या आहेत, तीन कॉर्डचा साधा ब्लूज वाजतो, आणि आता तोच ब्लूज जॅझच्या अंगानं वाजवायचा आहे. इथवर आल्यावर बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: तीन स्वरांचं शेल व्हॉइसिंग (व्हॉइसिंग म्हणजे कॉर्डचे स्वर मांडायची रीत) आधी शिकायचं की चार स्वरांचं ड्रॉप टू? नुसत्या बॅरेवर भागत नाही. सेव्हन्थच्या सहा तारी बॅरेत मूळ स्वर (ज्याच्या नावाची कॉर्ड तो) दोनदा आणि त्याच्यापासून मोजलेला पाचवाही दोनदा वाजतो, आवाज जड होतो, आणि एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या एका भागात, दोन कॉर्ड आल्या की हात मागे पडतो.

जॅझ ब्लूजमध्ये तशी वेळ वारंवार येते. बी फ्लॅट पट्टी घेऊ, म्हणजे पेटीवरची काळी पाच. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी फ्लॅटची वाद्यं, त्यामुळे जॅझवाल्यांना ही पट्टी सोयीची. पहिल्या बारला बी फ्लॅट सेव्हन, दुसऱ्याला ई फ्लॅट सेव्हन, तिसऱ्याला परत घरी, म्हणजे बी फ्लॅट सेव्हनवर. चौथ्यात एफ मायनर सेव्हन आणि बी फ्लॅट सेव्हन. पाचव्यात ई फ्लॅट सेव्हन, सहाव्यात ई डिमिनिश्ड, सातव्यात बी फ्लॅट, आठव्यात जी सेव्हन. नवव्यात सी मायनर सेव्हन, दहाव्यात एफ सेव्हन. शेवटच्या दोन बारमध्ये बी फ्लॅट, जी, सी मायनर, एफ अशा चार कॉर्ड भराभर येतात आणि आवर्तन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

शेलमध्ये मूळ स्वर, तिसरा आणि सातवा एवढेच तीन स्वर. पाचवा गाळायचा, कारण कॉर्ड मेजर की मायनर, सेव्हन्थ की आणखी काही, हे तिसरा आणि सातवाच सांगतात. आता बी फ्लॅटला सा माना. पहिल्या कॉर्डचे ते दोन स्वर म्हणजे शुद्ध ग आणि कोमल नी. ई फ्लॅट सेव्हनवर जाताना ग उतरून कोमल ग होतो आणि कोमल नी उतरून ध होतो. दोन्ही बोटं फक्त एक फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा एक खाना) खाली येतात. ब्लूजचा सगळा रंग मला या एका हालचालीत ऐकू येतो. ज्याचा कान रागसंगीतावर वाढला आहे, त्याला ती पहिल्याच दिवशी ओळखू येईल.

ड्रॉप टूमध्ये चारही स्वर असतात. जवळजवळ रचलेल्या चार स्वरांमधला वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकला की ड्रॉप टू तयार. पियानोवर जवळची रचना सोपी असते, गिटारवर तिच्यासाठी बोटं फार ताणावी लागतात. म्हणून हा खाली टाकलेला स्वर गिटारवाल्याच्या कामी येतो. शिवाय चार उलटापालटींमुळे (तेच स्वर वरखाली क्रम बदलून मांडायचे चार प्रकार) सर्वांत वर कोणता स्वर वाजवायचा हे आपल्या हातात राहतं, म्हणजे कॉर्डांच्या माथ्यावर चाल बांधता येते. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी आधी एकेक स्वर, मग सप्तकाच्या जोड्या आणि शेवटी कॉर्डांमधून सोलो चढवत न्यायचा. त्याच्या त्या शेवटच्या टप्प्याचं बरंचसं काम याच जातीच्या रचनांवर चालतं.

मेहनतीत मात्र फार फरक आहे. वरच्या बारा बारना शेलचे पाच आकार पुरतात: सेव्हन्थचे दोन, मायनर सेव्हन्थचे दोन, डिमिनिश्डचा एक. ड्रॉप टूमध्ये एकट्या सेव्हन्थच्याच चार उलटापालटी गुणिले तारांचे तीन गट, म्हणजे बारा आकार होतात. शेलमधली खरी अडचण वेगळी आहे. सहाव्या तारेवरच्या बोटाच्या पोटानं पाचवी तार बंद ठेवावी लागते, आणि हे जमायला पंधरा-वीस दिवस सहज जातात.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आकडे फ्रेटचे आहेत, जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचायचे, × म्हणजे ती तार बंद.

बी फ्लॅट सेव्हन: शेल ६-×-६-७-×-×, ड्रॉप टू ×-×-६-७-६-६
ई फ्लॅट सेव्हन: शेल ×-६-५-६-×-×, ड्रॉप टू ×-×-५-६-४-६
ई डिमिनिश्ड: शेल ×-७-५-६-×-×, ड्रॉप टू ×-×-५-६-५-६
सी मायनर सेव्हन: शेल ८-×-८-८-×-×, ड्रॉप टू ×-×-८-८-८-८
एफ सेव्हन: शेल ×-८-७-८-×-×, ड्रॉप टू ×-×-७-८-६-८

चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे आकडे पाहा. दोन्हीकडे तेच आहेत. शेलमधला मूळ स्वर काढा, त्याच दोन स्वरांवर वरच्या दोन तारा चढवा, झालं ड्रॉप टू. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी शेल. शेल शिकताना ड्रॉप टूचा पाया आपोआप पक्का होतो. उलट बाजूनं तसं होत नाही. मी ड्रॉप टू आधी पाठ केले होते. आकार सगळे येत होते, पण त्यातला तिसरा कुठे आणि सातवा कुठे हे कानाला ठाऊक नव्हतं. बासवाल्याबरोबर पहिल्यांदा बसलो तेव्हा आठव्या बारच्या जी सेव्हनवर वाट चुकलो, आणि मग शेलपासून पुन्हा सुरुवात केली.

कोणाबरोबर वाजवता यावरही बरंच ठरतं. बँडमध्ये पियानो असेल तर शेलच बरं, कारण पियानोवाला मधली जागा भरतोच. बास असेल तर मूळ स्वरही सोडून द्या, दोन स्वर पुरेत. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि १९८७ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं प्रत्येक बारला चार ठोके, अगदी मोजके स्वर, आणि एवढा मोठा ब्रास विभाग त्या लयीवर उभा. लय शिकायची असेल तर त्याच्याइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही.

ड्रॉप टूपासून सुरुवात मी दोघांनाच सुचवेन. एक, ज्यांना गाणाऱ्याच्या साथीला सुरुवातीचा तुकडा किंवा एकट्यानं चालीसकट ब्लूज वाजवायचा आहे. त्यांना वरचा स्वर हवाच. दुसरे, युकुलेलेवरून आलेले. युकुलेलेचे आकार गिटारच्या वरच्या चार तारांवर जसेच्या तसे बसतात, त्यामुळे त्यांच्या बोटांना ही जागा ओळखीची असते.

बाकीच्यांनी शेलवर बारा बार न थांबता वाजू लागले की पाचव्या आणि सहाव्या बारपासून वरच्या तारा जोडायला घ्याव्यात. तिथे ई फ्लॅट सेव्हनचा ई डिमिनिश्ड करायला दुसऱ्या तारेवरचं एकच बोट चौथ्या फ्रेटवरून पाचव्यावर सरकतं. शुद्ध म तीव्र होतो, आणि पहिल्या तारेवरचा सा तसाच वाजत राहतो.