प्रसिद्धिपत्रकाचा एकच मसुदा: आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या जनसंपर्क टीमचं प्रत्येक प्रसिद्धिपत्रक ईमेलवरून फिरायचं. क्लायंटकडचे दोघं, त्यांचा कायदा विभाग आणि आम्ही तिघं, प्रत्येकाकडे वेगळी वर्ड फाइल. नावं ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘हेच पाठवा’. चुकीची फाइल बाहेर गेली की दुरुस्तीचा मेल पाठवावा लागायचा, आणि असा मेल एकदा मिळालेला पत्रकार पुढच्या वेळी प्रत्येक आकडा फोन करून तपासतो.

आता मसुदा गूगल डॉक्सवर, म्हणजे सगळ्यांच्या एकाच ऑनलाइन फाइलमध्ये, कामांची यादी ट्रेलोवर आणि रोजचं बोलणं स्लॅकवर असतं. ट्रेलोबद्दल फार सांगण्यासारखं नाही: कोणतं पत्रक कोणाकडे अडकलंय ते दिसतं, तेवढं पुरतं.

खरा फरक पडला तो डॉक्समधल्या सजेस्टिंग मोडने: त्यात केलेला बदल थेट लागू न होता सूचना म्हणून दिसतो. ही सोय २०१४ पासून आहे आणि आम्ही इतकी वर्षं तिच्याविना काढली, याची खंत वाटते. वकिलांनी कोणता शब्द काढला, तो कोणी परत घातला, हे नावानिशी दिसतं. मंजुरी मिळाली की त्या क्षणाच्या आवृत्तीला व्हर्जन हिस्टरीत (फाइलच्या आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदीत) ‘मंजूर’ असं नाव देतो आणि माध्यमांना तोच मजकूर जातो. मंजुरी कॉमेंटमध्येच लिहून घेतो. स्लॅकच्या मोफत योजनेत मागच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात, त्यामुळे तिथला होकार वर्षभराने शोधायचा म्हटलं तर हाती लागणार नाही. फोनवर होकार मिळाला, तर फोन ठेवल्या ठेवल्या तारखेसह नोंद करतो. ‘काही कळवलं नाही म्हणजे मंजूर’ हा समज मात्र कोणत्याही साधनाने जात नाही. तो आम्हालाच मोडून काढावा लागला.

सर्वांना एकाच वेळी लिहिता येतं, याचा त्रासही झाला. पहिल्या दोन महिन्यांतली आमची पत्रकं आज वाचवत नाहीत. प्रत्येक जण आपलं एक विशेषण घालून जायचा. बातमी तिसऱ्या परिच्छेदात सुरू व्हायची. शिवाय वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत टाइप करायला नवी मुलं बिचकतात. ती दुसरीकडे लिहून इथे आणून चिकटवतात, मग मजकूर कसा घडला ते इतिहासात दिसतच नाही. आता पहिला मसुदा एकच जण लिहितो आणि तो पूर्ण होईपर्यंत फाइल इतरांना उघडत नाही. ज्यांच्या नावाने प्रतिक्रिया द्यायची, त्यांना फक्त त्यांचं विधान वेगळ्या फाइलमध्ये दाखवतो. याने मजकूर पुन्हा वाचनीय झाला.

पाचव्या महिन्यात एक मोठी चूक झाली. आमच्यातल्या एकाने घाईत कामाच्याच फाइलची लिंक पत्रकाराला पाठवली, तीही कॉमेंट करण्याच्या परवानगीसह. ‘हा आकडा अजून पक्का नाही’ हे आमचं आपापसातलं बोलणं त्यांना वाचायला मिळालं, आणि पत्रकावर एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापण्याची अट, होता. त्यांनी समजूतदारपणे आधी आम्हालाच फोन केला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून कामाची लिंक बाहेर जात नाही. नवी प्रत काढतो, कॉमेंट्स सोबत नेत नाही, आणि पीडीएफ पाठवतो. प्रतीसोबत जुना इतिहास जात नाही, हा दिलासा.

तातडीच्या खुलाशाला मात्र या पद्धतीला तोड नाही. रात्री उशिरा तिघं तीन ठिकाणी बसून एकाच पानावर काम करतो. एक लिहितो, दुसरा तथ्यं तपासतो, तिसरा वकिलांच्या शंका सोडवतो. पूर्वी निम्मा वेळ फाइल कोणाकडे आहे हे विचारण्यात जायचा.

पत्रकारांच्या संपर्कांची शीट मात्र आम्ही सगळ्यांना उघडलेली नाही. त्यात माणसांचे खासगी क्रमांक आहेत, ते त्यांनी विश्वासाने दिलेत. ती तिघांकडेच आहे, आणि कोणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढतो.